फोसुआच्या कानामागची गाठ

फोसुआ घानातल्या कुमासीच्या बाजारात केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकते. कान टोचल्यावर तिचा वण वाढायचा थांबलाच नाही, लिंबाएवढा झाला. सहा वर्षांपूर्वी तो कापला आणि त्याच्या पेशी आमच्या प्रयोगशाळेत आल्या. एक दिवसाआड त्यांना वाढीसाठी गुलाबी पोषक द्रव द्यायचा, उरलेल्या गोठवून ठेवायच्या, हे माझं काम. एका झाडाच्या सालीचा अर्क घातला की त्या वाढायच्या थांबत.

यातून मलम निघालं तर पहिली डबी फोसुआला, असं तिच्या संमतिपत्रावर मीच हातानं लिहिलं होतं. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मलम निघालं नाही. प्रयोगाला पैसे देणाऱ्या कंपनीनं तो अर्क चेहऱ्याच्या क्रीममध्ये नावापुरता घातला. आता त्यांना नव्या चाचण्या हव्या होत्या, आणि आमच्या पेशी म्हाताऱ्या झालेल्या, वाढेनाशा.

मंगळवारी फोसुआचा निरोप आला, भेटायला येते. का, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन तिनं ओढणी सोडली. गाठ परत आली होती, जबड्यापर्यंत.

"वा!" आमचे प्रमुख डॉक्टर न्यार्को यांच्या तोंडून निघून गेलं. मग ते खोकले. "म्हणजे, वेळेवर आलीस, मामे. कापून टाकू. तेवढा तुकडा आम्हाला दे."

"घ्या की. बाजारात एवढं ताजं कुठं मिळणार?" ती हसली, माझ्याकडे वळली. इथं पुरुषाला मानानं पापा म्हणतात, बाईला मामे. "पापा, तुमच्या त्या सालीचं क्रीम मी विकत आणलं होतं. मुलीनं डबीवरचं वाचून दाखवलं. वाढणाऱ्या वणावर लावू नये, असं लिहिलंय."

मी खिशात हात घातला आणि तिची नजर तिथंच गेली. तुकडा ठेवायची गुलाबी द्रवाची बाटली खिशातून डोकावत होती, सहा वर्षांपूर्वी तिनं पाहिलेली तशीच, सकाळीच कोमट करून घेतलेली.

"गाठ परत आली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग?"

मी बाटली खिशात आणखी आत ढकलली. डॉक्टरांच्या तोंडून ते 'वा' तरी चुकून निघालं. मी सकाळपासून त्या गाठीची वाट पाहत होतो.

डॉक्टरांनी तिचं जुनं संमतिपत्र पुढं केलं, खाली नवी तारीख घातली. फोसुआनं शाईत अंगठा बुडवला आणि तसाच वर धरला.

"ते पहिल्या डबीचं खाली लिहिलंय ना, पापा? ते आधी खोडा."

माझंच अक्षर होतं. मी खोडलं. मग तिनं अंगठा टेकवला.