दोन मॉड, एकच 'घर'

किन्हीराजा गावच्या साक्षी इंगोलेनं गाव वसवायच्या एका गेमसाठी मॉड, म्हणजे मूळ गेमला जोडायची भर, बनवला होता. मूळ गेममध्ये नसलेली तूर आणि सोयाबीन तिनं त्यात घातली होती. शिवाय चॅटमध्ये 'घर' लिहिलं, की खेळाडू उभा असेल ती जागा त्याचं घर म्हणून नोंदली जाई.

एका रविवारी दुपारी मानोऱ्याजवळच्या तांड्यावरून उदयसिंग राठोडचा फोन आला. त्याचाही मॉड होता, त्यातही 'घर' हाच हुकूम होता. पण तो लिहिला की खेळाडू कुठूनही आपल्या घरी पोचे.

"ताई, दोन्ही मॉड संगं टाकले का तुमचाच हुकूम चालते," तो म्हणाला. "माही बहीण मोतीबाई ऊसतोडीले गेली. गेममधी तीन महिने लावून तिनं घर बांधलं. तुमच्या तुरीसाठी तुमचा मॉड टाकला, अन् जंगलात 'घर' लिहिलं. आता ते जंगलच तिचं घर झालं. जुनी जागा पुसल्या गेली."

"माहा मॉड आधीचा हाये, दादा. शब्द तुमी बदला."

"बदलला असता. पण उसाच्या फडावर गेलेल्या तांड्यातल्या बाया त्याच शब्दावर गेममधी आपापल्या घरी येतात. त्याइले तोच पाठ झाला."

साक्षीनं लॅपटॉप उघडला. मग म्हणाली, "तुमचा कोड पाठवा."

आपला मॉड सुरू होताना उदयसिंगचा मॉड आहे का ते बघेल, असला तर 'घर' त्याला सोडून स्वतः 'मुक्काम' हा शब्द घेईल, असं तिनं लिहिलं. पहिल्यांदा ते चाललं नाही. तिचा मॉड आधी जागा होत होता, त्याला दुसरा दिसतच नव्हता. सगळे मॉड सुरू होईपर्यंत तिनं आपल्याला थांबायला लावलं, तेव्हा जमलं.

राहिलं मोतीबाईचं घर. जंगलातून परतीची वाट तिला सापडत नव्हती, गावापासूनची मात्र पाठ होती. तांड्यातल्या बाया खेळत त्या उदयसिंगच्या सर्व्हरवर साक्षी गेममध्ये शिरली. मोतीबाई फडावरच्या कोपीतून, आपल्या पाचटाच्या झोपडीतून, फोनवर वाट सांगू लागली.

"नदीच्या काठानं चाल. दोन टेकड्या गेल्या का लाल दगडाचा पूल लागते. मीच बांधला तो."

वीस मिनिटांनी पूल आला, पलीकडे निळ्या दाराचं घर. साक्षीनं त्या जागेचे नकाशावरचे आकडे सांगितले, उदयसिंगनं ते बहिणीच्या नावावर चढवले.

मोतीबाईनं 'घर' लिहिलं. गेममध्ये साक्षीच्या शेजारी लाल ओढणीतली एक बाई उभी राहिली.

"आली मी," फोनवर आवाज आला. "अन् तू बाहीर काहून उभी? आत ये ना."