तपासणीपुरती नळी

खरं तर हे मी सांगायला नको. मला ड्रॉवरमध्ये टाकताना नेव्हियोनं ओठांवर बोट ठेवून बजावलं होतं, "कुणाला बोलायचं नाही हं!" तरी बोलते.

मी एक नळी आहे. वीतभर लांब, स्टीलची, अंगभर भोकं असलेली. मोटरसायकलच्या सायलेन्सरच्या तोंडात एका स्क्रूवर बसते. इंजिनाचा आरडाओरडा माझ्यातून गाळला जाऊन बाहेर पडतो, तेव्हा तो ऐकण्याजोगा होतो.

नेव्हियो गुआल्तिएरोकाकांच्या गॅरेजमध्ये नवा सायलेन्सर निवडायला आला, तेव्हा त्यानं तीन लावून पाहिले. एक जड निघाला, दुसऱ्यानं त्याच्या पोटरीला चटका दिला. तिसरा आमचा.

"काका, ही नळी काढून वाजवा ना एकदा."

काकांनी मला काढलं. खिडकीची काच थरथरली. नेव्हियोचा चेहरा उजळला. "हाच द्या!"

"नळी परत बसवतो. हिच्याशिवाय चढावर गाडीचा जोर कमी होईल."

"जोर कुणाला हवाय काका? आवाज हवाय!"

तेव्हापासून मी ड्रॉवरमध्ये. दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी असते. आदल्या दिवशी मला बसवायचं, शिक्का मिळाला की केंद्राच्या मागच्या भिंतीशीच काढायचं. तिथे चार-पाच जण तेच करत उभे असतात आणि प्रेमानं एकमेकांना पाना देतात. माणसांची एवढी एकी मी दुसरीकडे पाहिली नाही.

नेव्हियोची थोरली बहीण इल्दे घाटमाथ्यावर खानावळ चालवते. रविवारी मोटरसायकलवाले वर येऊन तिच्या तव्यावरची गरम पियादीना पोळी खातात, त्यावर तिचं घर चालतं. पण पायथ्याचं गाव आवाजाला कंटाळलं. नगरपालिकेनं ठरवलं, आवाज मोजायचा. मर्यादेबाहेर गेला तर रविवारी घाट मोटरसायकलींना बंद.

इल्दे धावत भावाकडे आली. "नेव्हियो, ती नळी बसव. मित्रांनाही सांग. खानावळ बंद पडली तर या वयात मला काम कोण देणार?"

"ताई, घाबरतेस कशाला? मोजायला येतील त्याच्या आदल्या दिवशी बसवतो ना."

"आणि ते तुला कोण सांगणार? पाळण्यातलं बाळ?"

"सांगतात गं. नेहमी सांगतात."

आणि खरंच बातमी आली. जूनच्या शेवटच्या रविवारी नगरपालिकेची बाई येणार. शनिवारी मला बसवलं. रविवारी चाळीस गाड्या मांजरीच्या पावलांनी घाट चढल्या. मी जीव ओतून काम केलं. इल्देनं आनंदानं भावाचा गाल ओढला.

बाई शिडी घेऊन आली. वळणावरच्या खांबावरून तिनं एक करडी पेटी काढली आणि गाडीत ठेवली.

"मोजणार नाही?" नेव्हियोनं विचारलं.

"मोजून झालं. ही महिनाभर इथेच होती. आज फक्त न्यायला आले."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "आम्हाला वाटलं, पाखरांसाठी बांधलीय."

 इल्दे आत गेली आणि तिनं मळलेल्या पिठावर झाकण ठेवलं.

आता पायथ्याशी रविवारच्या बंदीची पाटी लागली आहे. मला मात्र नेव्हियोनं काढलेलं नाही, लाजेनं असेल. बंदी उठवा म्हणून इल्देनं अर्ज केला. उत्तर आलं, तीन महिने शांत राहून दाखवा, मग फेरविचार करू. मला वाटलं, अखेर मी कुणाच्या तरी उपयोगाला आले.

त्याला दोनच आठवडे झाले आहेत. आज सगळे मित्र अंगणात जमले आहेत. नगरपालिकेच्या खिडकीखाली निषेध करायचा, सगळ्यांनी नळ्या काढून! "ताईसाठी एवढं तरी करायलाच हवं," असं म्हणत नेव्हियो माझ्यासमोर पाना घेऊन गुडघ्यावर बसलाय. ताईला कुणी विचारलेलं नाही. ती वर घाटात एकटीच दिवस मोजते आहे. तुमच्यापैकी कुणी त्याला ओळखत असेल, तर कृपा करून सांगा, की तिला आवाज नको आहे, तिला फक्त—

"चल गं, ये बाहेर!"