कागदावरचं वय

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या घरात यशपाल लॅपटॉपसमोर चरफडत होता. कॅनडाच्या व्हिसासाठी शिक्षणाचे गुण भरपूर मिळाले, पण नुकतीच तिशी उलटल्यामुळे वयाचे घटले. तीही कागदावरचीच! शाळेत लवकर घ्यावं म्हणून वडिलांनी त्याचं वय वर्षाने वाढवून एक जून ही जन्मतारीख ठोकून दिली होती.

"अहो, चहा घ्या," त्याची बायको क्षमा म्हणाली.

चहा राहिला बाजूला. त्याने गावी व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, तुमच्या त्या एका वर्षापायी माझं कॅनडा हुकतंय!"

यादवराव हसले. "अरे, त्याच वर्षामुळे तुझं लग्न जमलं. मुलगी मुलापेक्षा मोठी नको, असं व्याह्यांचं म्हणणं होतं."

क्षमाने चहाचा कप परत उचलला.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुला उगाचच अहो म्हणतेय?"