कार्बोरेटरमधली चेटकीण

शेवटी व्हॅन सुरू झाली, एनो अब्राफीचं गाठोडं सुटलं आणि प्रॉफेट एलियाझर यांच्या दोन्ही भुवया जळून गेल्या. मात्र असं काहीही घडलेलं नाही, असा खुलासा आमच्या 'शंका नको फिटिंग शॉप'तर्फे वेळोवेळी करण्यात आलेला आहे. दुकानाची बदनामी नको म्हणून मलाही तो मान्य आहे. तेव्हा जे घडलंच नाही, ते आता सविस्तर सांगतो.

कुमासी शहरात, सुआमेच्या आमच्या फिटरगल्लीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. लोक कापलेल्या केबिनांवर चढले होते, उपड्या इंजिनांवर बसले होते. समोरच्या वेल्डरनं आपले काळे चष्मे भाड्यानं द्यायला काढले होते, कारण चेटूक उघड्या डोळ्यांनी बघू नये म्हणतात. मधोमध आदू त्वुमची प्रवासी व्हॅन, आदल्या संध्याकाळपासून बंद पडलेली, बॉनेट उघडं. तिच्यापुढे पांढरा सूट, पांढरे बूट आणि हातात कर्णा अशा थाटात, गाडीतलं चेटूक काढायला आलेले प्रॉफेट एलियाझर. सुआमेच्या वंगणात पांढरे बूट घालून येणं आणि ते पांढरेच ठेवणं, हा त्या माणसाचा एकमेव खरा चमत्कार. त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

"म्हातारीला पुढे आणा!" कर्णा ओरडला.

दोन बायकांनी एनो अब्राफीला दंडाला धरून पुढे आणलं. एनो म्हणजे आदू त्वुमची मोठी मावशी. आई गेल्यावर त्याला हिनंच वाढवलं. आता त्याच्या घरी राहते आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी केन्के, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे पानात बांधून उकडलेले गोळे, विकते. सगळी गल्ली तिला आजीच्या मानानं एनो म्हणते. म्हणजे म्हणत होती.

प्रॉफेटांनी हात वर केला. फाट्! कार्बोरेटरमधून हातभर जाळ निघाला. गर्दीनं किंकाळी फोडली.

"मागे न्या!"

एनोला मागे नेलं. व्हॅन शांत.

"पुढे!"

फाट्!

"मागे!"

शांत.

"हे विज्ञान आहे, बाबांनो!" प्रॉफेट म्हणाले. "पुढे आली की जाळ, मागे गेली की गार. आत्म्यांतही जाती असतात. पेट्रोल आत्मा वेगळा, डिझेल आत्मा वेगळा. ही बाई मूळची डिझेल चेटकीण! चुकून पेट्रोलच्या गाडीत शिरली आणि इंजिनाला बाधली!"

"तरीच!" वेल्डर म्हणाला. "मला वाटलंच होतं, काहीतरी इंधनाचा घोळ आहे."

निकाल तिथल्या तिथे लागला. एनोनं आजच्या आज शहर सोडायचं आणि उत्तरेकडे नवऱ्याच्या गावी जायचं.

"तिकडे कोण आहे तिचं?" कुणीतरी विचारलं.

"नवरा आहे," आदू त्वुम खाली बघत म्हणाला. "पुरलेला."

मी आणि माझा जोडीदार फिटर असामानी हे सगळं मागे उभं राहून बघत होतो. आमचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि चेहरे तिऱ्हाइतासारखे. त्या व्हॅनमध्ये नवा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाची दारं उघडमीट करणारा दांडा, आदल्याच दिवशी बसवला गेला होता. कर्ता मुद्दाम गाळलाय. बसवला होता आम्ही दोघांनी.

"काय रे," असामानी कुजबुजला, "डिस्ट्रिब्युटर टाकताना पहिल्या प्लगच्या भोकावर बोट कुणी ठेवलं होतं?"

"तू."

"मला वाटलं तू."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"मग चेटकीणच असेल," तो म्हणाला.

आणि लाज वाटते सांगायला, मला हायसं वाटलं. चेटकीण असली की फिटरला कुठे दोष लागतो? दुकानाचे मालक मास्टर बारिमा हातात चहा घेऊन आले, जाळ पाहिला आणि म्हणाले, "चेटकाला आपली गॅरंटी लागू नाही," आणि परत गेले. मालकही समाधानी, फिटरही समाधानी, प्रॉफेट तर होतेच. सगळ्या गल्लीची सोय एका म्हातारीत झाली होती.

आदू त्वुम टॅक्सी शोधायला गेला. एनो गाठोडं मांडीवर घेऊन आमच्या पायरीवर टेकली. मी नेमका त्याच वेळी पाना शोधायला वाकलो. पाना माझ्या हातातच होता.

"पोरा," तिनं हाक मारली. "इकडे ये. केन्के घे. सगळे उरलेत, आज कुणी घेतलेच नाहीत."

मी घेतला. न घेऊन करतो काय? गरम होता अजून.

"तू इंजिनं जाणतोस," ती हळूच म्हणाली. "मला एक खरं सांग. हे माझ्याकडून होतंय का रे? मी मुद्दाम नाही करत. पण झोपेत माणसाच्या हातून काय होतं ते माणसाला कुठे कळतं? आदूच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता मला."

ती स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलली असती तर मी कदाचित गप्प राहिलो असतो, इतका मी नीच आहे. पण ती माझ्या चुकीची माफी मागत होती.

मी उठलो. असामानीनं माझा सदरा धरला. "थांब ना! गेली की बोलू."

"गेल्यावर कुणाशी बोलणार?"

टॅक्सी घेऊन आलेल्या आदू त्वुमला मी परत व्हॅनमध्ये बसवलं. "एनो पुढे असते तेव्हा तू किल्ली फिरवतोस?"

"हो. प्रॉफेटांचा हात वर गेला की."

"आणि ती मागे असते तेव्हा?"

"तेव्हा त्यांचा हात खाली असतो."

"म्हणजे किल्ली फिरवतच नाहीस?"

आदू त्वुमनं हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

"एनो, तुम्ही वेल्डरच्याही पलीकडे जा," मी ओरडलो. "अगदी कोपऱ्यावर. आता फिरव किल्ली!"

प्रॉफेट धूर्त होते, पण इंजिनातलं त्यांना काही कळत नव्हतं. ते हसले, कार्बोरेटरवर वाकले आणि कर्ण्यातून म्हणाले, "बघा, आता कसं कोकरासारखं—"

फाट्!

भुवया गेल्या त्या इथे.

"सावली!" प्रॉफेट चेहरा झाकून किंचाळले. "तिची सावली मागे राहिली आहे!"

"सावली नाही," मी म्हणालो, "आम्ही आहोत."

"आम्ही म्हणजे हा," मागून असामानी म्हणाला. आणि मग बऱ्याच वेळानं, "आणि मी."

मी पहिला प्लग काढला. केन्केच्या पानाची गोळी केली आणि भोकात दाबली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आत एक बोट फिरतं. ते ज्या प्लगकडे वळतं, त्याला ठिणगी जाते. असामानीनं पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवायला घेतलं.

"पुलीवरची खूण बघा. आली की पिस्टन वर आला. आली?"

"आली!" गर्दी ओरडली.

"बोट कुठे आहे?"

"पहिल्याकडे!"

"गोळी उडाली?"

"नाही!"

"आणखी एक पूर्ण फेरा."

खूण पुन्हा आली. तशीच, त्याच जागी. फट् करून पानाची गोळी उडाली आणि वेल्डरच्या चष्म्यावर बसली. डिस्ट्रिब्युटरचं बोट मात्र आता बरोबर उलट दिशेला होतं.

"पिस्टन दोनदा वर येतो," मी सांगितलं. "एकदा जळका धूर बाहेर ढकलायला, एकदा पेट्रोल-हवा दाबायला. खूण दोन्ही वेळा सारखीच दिसते. ठिणगी हवी दुसऱ्या वेळी, गोळी उडते तेव्हा. नवा कॅमशाफ्ट आम्ही चाकांवरच्या ठिपक्याला ठिपका लावून बरोबर बसवला. पण तेव्हा पहिला पिस्टन धूर ढकलून वर आला होता. आम्हाला वाटलं, आता पेटायचाय. प्लगच्या भोकावर आपलं बोट ठेवलं असतं तर दाब लागला नसता आणि कळलं असतं. ठेवलं नाही. म्हणून ठिणगी पडते तेव्हा कार्बोरेटरकडचं दार उघडं असतं आणि जाळ तिकडून बाहेर येतो. यात म्हातारी कुठेच नाही. तिला मी शोधली, सापडली नाही."

डिस्ट्रिब्युटर उचलला, अर्धा फेरा फिरवून परत टाकला. प्लग लावला. एनोला बोलावून तिचा हात व्हॅनवर ठेवला. आदू त्वुमनं किल्ली फिरवली आणि व्हॅन अशी चालू झाली की जणू रात्रभर वाटच बघत होती.

मग वेल्डर दोन्ही हात उंचावून ओरडला, "प्रॉफेटांनी भूत काढलं!"

"आपल्या भुवया देऊन काढलं!" एक बाई रडू लागली.

प्रॉफेटांनी भुवया नसलेल्या कपाळानं नम्रपणे मान झुकवली.

इथे मी हरलोच होतो. पण असामानी पुढे झाला, डिस्ट्रिब्युटर उचलून परत उलटा टाकला. फाट्! सुलटा टाकला, व्हॅन चालू. उलटा, फाट्! "भूत आलं," तो रुक्षपणे सांगे, "भूत गेलं. भूत आलं. कुणाला हवंय? या, स्वतः करून बघा." वेल्डरनं केलं. पाणी विकणाऱ्या बाईनं केलं. तिला भूत काढायला जमलं, घालायला थोडं अवघड गेलं. होता होता लोक जांभया देऊ लागले आणि एकेक करून कामाला लागले. पुराव्यानं जे झालं नसतं ते कंटाळ्यानं झालं. प्रॉफेट आणि पांढरे बूट कधी गेले, कुणाला कळलं नाही.

आदू त्वुम मावशीसमोर गुडघ्यावर बसला. "घरी चल, एनो."

"गाठोडं तू सोड," ती म्हणाली. "गाठ तूच आवळलीस. माझ्यानं सुटत नाही."

त्याच्याही सुटेना. दातानं सोडावी लागली.

व्हॅन आता रोज धावते. एनो रोज कोपऱ्यावर बसते. पण काही बाया अजून मुलाचा हात धरून पलीकडून जातात, आणि वेल्डर तिच्याकडचा केन्के घेतो तो काळा चष्मा लावून. डिस्ट्रिब्युटरला बोल्ट असतो, सैल करून अर्धा फेरा फिरवता येतो. अफवेचा बोल्ट कुठे असतो ते मला सापडलेलं नाही. म्हणून एवढंच सांगतो. कुणी म्हणालं की अमुक बाई आली की जाळ होतो, तर ती नसताना किल्ली फिरवून बघा. आणि ते बाई टॅक्सीत बसायच्या आधी बघा.

सबब, जे कोणी संबंधित अधिकारी असतील त्यांना विनंती करण्यात येते की, श्रीमती अब्राफी, केन्केविक्रेत्या, यांना चेटकीण या पदावरून, ज्यावर त्यांची रीतसर नेमणूक कधी झालीच नव्हती, पूर्वलक्षी प्रभावानं कार्यमुक्त करण्यात यावं. त्या दिवशी गल्लीत हजर असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यातून सदर प्रसंग सरकारी खर्चानं काढून घेण्यात यावा. आणि तो काढताना, दोन फिटर हातात पाना घेऊन गप्प उभे होते एवढा भाग मात्र त्या दोघांच्या डोक्यात जागच्या जागी ठेवण्यात यावा.