तिवईचा चौथा पाय

मित्रांनो, मी एक म्हातारी तिवई आहे. माझे पाय मात्र मोजू नका, चार भरतील. तो चौथा पाय कुठून आला, हेच आज सांगायचं आहे.

माझ्या गावातल्या माणसांना शेपूट असतं. चांगलं दोन हात लांब आणि मनगटाएवढं जाड. त्यामुळे आमच्याकडे सगळाच कारभार वेगळा. दारांना फळ्या नसतात, पडदे असतात, कारण शेपूट चेमटायला नको. जिन्याला कठडा नसतो, कारण तोल शेपूट सांभाळतं. आणि बसायच्या कुठल्याही वस्तूला पाठ नसते. शेपूट आड येतं ना! तिवईला तीन पाय आणि मागे, बैठकीच्या खाली, एक खुंटी. माणूस बसतो, शेपटीचा एक वेढा खुंटीला देतो, की झाला घट्ट. म्हणून पाहुणा आला की आमच्याकडे 'बसा' म्हणत नाहीत, 'या, शेपूट घाला' म्हणतात. तुमच्याकडे शेपूट घालणं म्हणजे म्हणे घाबरून माघार घेणं! ऐकलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही.

मला सुतारकाकांनी घडवलं. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, पण हाताला भारी गुण होता. दोरीने शेपटीचं माप घेतल्याशिवाय ते लाकडाला करवत लावत नसत. माझं माप एका विणकरणीचं. नऊ मागांच्या कारखान्यात खिडकीजवळचा माग तिचा होता. दोन्ही हात आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावर, दोन्ही पाय मागाखालच्या पावड्यांवर आणि शेपूट माझ्या खुंटीला. अकरा वर्षं आम्ही दोघींनी मिळून कापड विणलं. तिच्या कापडाचा काठ बोट ठेवून पाहावा इतका सरळ. काम संपलं की ती मला फडक्याने पुसायची आणि मगच घरी जायची. मी काही कुणाच्या स्तुतीला भुकेली नव्हते, पण ते पुसणं मला फार आवडायचं.

गावात फळीचं दार एकच होतं, सुताच्या गोदामाचं. सुताला ओल चालत नाही म्हणून ते लावलेलं. एका दुपारी वाऱ्याने ते आपटलं आणि विणकरणीचं शेपूट त्यात सापडलं. वैद्यांनी जीव वाचवला, शेपूट काही वाचलं नाही.

दोन महिन्यांनी ती कामावर आली. तिला पाहून कारखान्याच्या मुकादमीणबाईंना इतका आनंद झाला, की सवयीने त्या बोलून गेल्या, "ये गं बाई, ये! शेपूट घाल!"

बाकीचे आठही माग थांबले. मुकादमीणबाईंनी जीभ चावली, पण सुटलेला शब्द परत थोडाच येतो? विणकरीण येऊन माझ्यावर बसली. पहिली पावडी दाबली आणि धडपडली. पुन्हा बसली, पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. माझी खुंटी असून तिच्या काही उपयोगाची नव्हती, याची मला फार लाज वाटली.

"आठ दिवस वाट बघते," मुकादमीणबाई खाली मान घालून म्हणाल्या. "नाही जमलं तर माग दुसरीला द्यावा लागेल गं. मला तरी कुठे बरं वाटतंय?"

विणकरीण मला काखेत मारून थेट सुतारकाकांकडे गेली. "काका, कसंही करा, पण मला मागावर बसवा. मला दुसरं काही येत नाही, आणि शिकायचंही नाही."

काकांनी सवयीने दोरी काढली, आणि माप कशाचं घ्यायचं हेच त्यांना कळेना. त्यांनी मला उलटंपालटं केलं, दोनदा शिंकले, तीनदा माझ्या लाकडाला शिव्या दिल्या आणि शेवटी हात टेकले. "पोरी, शेपटीवाचून बसणं असतं का कुठे?"

बोलता बोलता त्यांनी वळून पाहिलं. थकलेली विणकरीण जमिनीवर बसली होती आणि तिची पाठ भिंतीला लागली होती. आमच्या गावात असं बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. शेपूट असताना भिंतीला टेकता येतंच कुठे?

"अगं, हलू नकोस!" काका ओरडले. "आहेस तशीच बस!" आणि त्यांनी तिच्या पाठीचं माप घेतलं, कमरेपासून खांद्यापर्यंत. गावात पाठीचं माप घेतलं गेलं ते पहिल्यांदाच.

त्यांनी माझी खुंटी कापली आणि मागे उभी फळी ठोकली. विणकरीण ऐटीत टेकली आणि माझ्यासकट उताणी पडली. पण या वेळी आधी तीच हसली. मग मला तिरका चौथा पाय बसला.

"आता हिला तिवई कोण म्हणणार?" काका कुरकुरले.

"तुम्ही काहीही म्हणा. मी हिला सोडणार नाही," ती म्हणाली.

आठव्या दिवशी ती मागावर बसली. पावडी दाबली, पाठ फळीला रेटली, धोटा पलीकडे गेला आणि परत आला. वीतभर कापड झालं, तरी मुकादमीणबाई जवळच उभ्या. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. काहीतरी बोलायचं होतं, पण जुना शब्द चालणार नव्हता. शेवटी भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "टेक गं बाई, टेक निवांत."

पुढे एका गरोदर विणकरणीने मला घटकाभर मागून घेतलं, मग पिंजाऱ्याच्या आजीने. पाठ टेकण्याचं सुख कळल्यावर कोण सोडतं? काकांनी फळीखाली शेपटीपुरती फट ठेवून घरोघर तशा बैठका करून दिल्या. आता गावात 'या, टेका' असंच म्हणतात.

मी मात्र कोपऱ्यात आहे. माझ्यावर सुताच्या लडी ठेवतात, आणि पुसायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याचं मला दुःख नाही. विणकरीण आणखी एकवीस वर्षं विणत राहिली, आणि तिचं सगळं वजन माझ्या पाठीवर होतं. एका लाकडाने याहून जास्त काय मागावं?

मित्रांनो, एकच विनंती आहे. कुणी बसता बसता पडलं, तर हसण्याआधी बसायच्या जागेकडे एकदा पाहा.