चार तास दहा मिनिटं

“आता हे उदाहरण बघा,” म्हणत सल्लागार बाईंनी बटण दाबलं आणि पडद्यावर थंडोबाचं अक्षर उमटलं.

सभागृहात खसखस पिकली. ते बारीक, ताठ अक्षर कारखान्यात कोणीही ओळखलं असतं. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या या कारखान्याचा सर्व्हर तो एकवीस वर्षं सांभाळत होता. ती खोली यंत्रांसाठी गार ठेवावी लागते, म्हणून बाराही महिने अंगात स्वेटर, आणि त्यावरून पडलेलं हे नाव. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच राहिलं. सर्व्हर कधी बंद पडला, कधी सुरू झाला, उशीर का झाला, हे सगळं तो एका वहीत टिपून ठेवायचा. कोणी सांगितलं नव्हतं, खोडच तशी. बाईंनी मागितली तेव्हा त्याने ती वही लेकीचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशा कौतुकाने पुढे केली होती.

“सात वर्षांपूर्वीची नोंद,” बाई म्हणाल्या. “सर्व्हर बंद, अकरा वाजून वीस. सुरू, तीन वाजून तीस. चार तास दहा मिनिटं! ऑर्डरी घेता येईनात, गाड्या फाटकाशी उभ्या. आणि उशिराचं कारण बघा, अगदी प्रामाणिकपणे लिहिलंय. ‘मी जागेवर नव्हतो.’”

“काय हो थंडोबा, कुठे उंडारत होता?” मागून डिस्पॅचवाल्याने विचारलं, आणि पुन्हा हशा झाला. थंडोबाही हसला. दुसरं काय करणार?

त्या दिवशी तो दीड तासाच्या अंतरावर इस्पितळात होता, वडिलांच्या उशाशी. आजचा दिवस निघेल असं वाटत नाही, हे डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. तेवढ्यात कारखान्याच्या मालकांचा, थोरल्या साहेबांचा फोन आला. “अहो, तुमच्यावाचून पान हलत नाही इथे.” ताईने त्याचा दंड धरला होता. “आज नको रे जाऊस.” तो म्हणाला, “ताई, तिथे दुसरं कोणी नाही गं. हा गेलो आणि हा आलो.” यंत्रातली जळलेली डिस्क काढून त्याने नवी बसवली, सगळं सुरू केलं, वहीत साडेतीनची नोंद केली आणि मग फोन बघितला. वडील दोनच्या आधीच गेले होते.

तेव्हापासून ताई बोलायची ती कामापुरती. आणि सात वर्षं तो तिला, तिच्याहून जास्त स्वतःला, एकच गोष्ट बजावत आला होता. जावंच लागलं, इलाज नव्हता. एवढ्या एका वाक्याच्या आधारावर त्याला झोप लागत होती.

“हेच क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर, झालं असतं तर?” बाई पुढे बोलत होत्या. “तिथे तुमचं काम एकाच यंत्रावर नसतं. एक बंद पडलं की दुसरं ते उचलतं. अर्ध्या मिनिटात! तुम्हाला पत्ताही लागत नाही. काम वाढलं, जागा वाढवा. कमी झालं, आवरून घ्या. इथे उद्या आग लागली तरी माहिती दुसऱ्या गावी सुखरूप. पण सगळ्यात मोठा फायदा सांगू? कोणा एका माणसावाचून काही अडत नाही. कोणाला धावत यावं लागत नाही.”

टाळ्या पडल्या. धाकटे साहेब, म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव, उठून थंडोबापाशी आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आता तुम्ही निवांत! पुढच्या महिन्यापासून स्टोअरला बसा. आणि रजा घ्या हो जरा. एकवीस वर्षांची साठलीय.”

सगळे चहाला पांगले. बाई वायर गुंडाळत होत्या. थंडोबा त्यांच्यापाशी गेला.

“बाई, एक विचारू? हे अर्ध्या मिनिटाचं... सात वर्षांपूर्वी होतं का हो?”

“होतं की, काका.”

“म्हणजे मोठ्या कंपन्यांकडे असेल. आपल्यासारख्यांना कुठलं मिळायला!”

त्याला ‘बरोबर’ एवढंच ऐकायचं होतं. बाई मनाने चांगल्या होत्या, पण त्यांना कामाची शिस्त होती. त्यांनी फाइल उघडली. “मिळत होतं. नऊ वर्षांपूर्वी आमचाच माणूस इथे येऊन गेला होता. थोरल्या साहेबांनी तुमचं मत मागवलं होतं. हे बघा.”

कागदाच्या तळाशी, शेऱ्याच्या चौकटीत, तेच बारीक, ताठ अक्षर होतं. ‘गरज नाही. मी आहे.’ खाली सही.

तो दिवस त्याला लख्ख आठवला. “साहेब, आपली चूल शेजाऱ्याच्या घरी मांडायची होय?” असं तो म्हणाला होता, आणि थोरले साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते. पाठ थोपटली होती त्यांनी. खरं तर तो घाबरला होता. यंत्र आपलं आपण सुरू होणार असेल तर आपल्याला कोण विचारतो, एवढीच ती भीती. तिला त्याने कारखान्याचं हित म्हटलं आणि सही ठोकली.

“मनावर घेऊ नका, काका,” बाई म्हणाल्या. “सगळीकडे असंच लिहितात.”

थंडोबाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट ताईचं घर गाठलं.

ताईने ओल्या हातांनीच दार उघडलं. “तू? या वेळेला? ऑफिस बंद पडलं की काय?”

“चालू आहे,” तो म्हणाला. “आता कायमचं चालू राहणार.”

तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. ती धुतलेली भांडी पुसायला लागली आणि त्याने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आधी चाचरत, मग भडाभडा. “मला जायची गरजच पडली नसती, ताई. मीच नको म्हणालो होतो. सही आहे माझी.” तिने झाडावं, चार शब्द सुनवावेत, अशी त्याची इच्छा होती. ते तरी पदरात पडलं असतं.

ताई पेले पुसत राहिली. “मला त्या यंत्रातलं काही कळत नाही. पण एका माणसावाचून एवढं काय अडतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. बाबांना नाही वाटलं.”

“बाबा काही म्हणाले?” सात वर्षांत त्याला हे विचारायचा धीर झाला नव्हता.

“तू गेल्यावर नर्स आली. मुलगा कुठे गेला, म्हणाली. तर म्हणाले, ‘अख्खा कारखाना बंद पडलाय. तो गेल्याशिवाय सुरू व्हायचा नाही.’ मग डॉक्टर आले, त्यांनाही तेच. शेजारच्या खाटेवरच्याला दोनदा सांगितलं. श्वास पुरत नव्हता रे, तरी सांगत होते. मी म्हटलं, बाबा, बोलू नका. तर माझ्यावरच डोळे वटारले.”

थंडोबाने तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि एक ताट पुसायला लागला. ताट कोरडं झालं, तरी तो पुसतच राहिला. ताईने त्याला तसंच पुसू दिलं, दुसरं ताट पुढे केलं नाही.