ताई, घाबरू नका

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या लॅपटॉपवर एकाएकी लाल चौकट आली. तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा! बाईंनी नवऱ्याला हाक मारली. रिटायर झाल्यापासून हे गृहस्थ पलीकडच्या खोलीत दिवसभर स्वतःच्या कॉम्प्युटरला चिकटलेले.

"फुकट मिळतंय म्हणून दिसेल ते उतरवून घेतेस. निस्तर आता!" ते तिथूनच खेकसले.

बाईंनी निस्तरायचंच ठरवलं. मोबाइलवर फुकट मदत करणारी एक साइट शोधली आणि 'सुईदोरा' या नावाने आपलं गाऱ्हाणं मांडलं. जरा वेळाने 'सावकाश' नावाच्या कुणाचं तरी उत्तर आलं.

"ताई, अजिबात घाबरू नका. ती चौकट खोटी आहे, त्या नंबरवर फोन करू नका. आधी ब्राउझर बंद करा. मग सुरक्षेचं एक चांगलं फुकट सॉफ्टवेअर सांगतो, ते त्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. अडलं तर पुन्हा विचारा, शंभरदा विचारा."

बाईंना भरून आलं. इतक्या गोडीने त्यांच्याशी कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं. लॅपटॉप सुरळीत झाल्यावर त्या तोऱ्यात नवऱ्याला सांगायला गेल्या, आणि त्यांच्या पाठीमागेच थबकल्या. स्क्रीनवर 'सुईदोरा'ला लिहिलेलं तेच उत्तर होतं आणि खाली सही 'सावकाश'.

"आता काय बिघडवलंस?" मान न वळवता नवऱ्याने विचारलं.

"कुठे काय," म्हणून बाई परतल्या.

तेव्हापासून त्यांचा लॅपटॉप रोज बिघडतो.